‘पीडीएफ द्या, ईपब आपोआप होतं’ हे खरं नाही

मराठी लेखक-प्रकाशकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला सारखा फिरत असतो. थोडक्यात तो असा: ई-पुस्तक (म्हणजे ईपब फाइल) करायचं तर छापखान्याला दिलेली पीडीएफच मूळ फाइल म्हणून घ्या. तिच्यात अक्षर जागचं हलत नाही, ती शेवटची शुद्ध प्रत असते, वर्डची फाइल बेभरवशाची असते आणि उरलेलं कन्व्हर्टर, म्हणजे एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारं सॉफ्टवेअर, बघून घेतो. मी ई-पुस्तकं करते. या सल्ल्यापायी चांगल्या पुस्तकांची दशा झालेली पाहिली आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘अक्षर जागचं हलत नाही.’ पीडीएफ १९९३ साली आलं तेच मुळी कागदपत्र कुठेही उघडलं तरी सारखं दिसावं म्हणून. छपाईला ते उत्तमच. पण ई-पुस्तकात अक्षर हलायलाच हवं: मोबाइलवर ओळ लहान, टॅबवर मोठी, म्हाताऱ्या डोळ्यांसाठी टाइप दुप्पट. साध्या पीडीएफच्या पोटात परिच्छेद नसतो, प्रकरणही नसतं. ‘या जागी ही आकृती काढ’ एवढ्याच सूचना असतात. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा कित्येकदा कन्व्हर्टरला अंतरावरून ताडावी लागते. मग पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि तळाचा पृष्ठक्रमांक वाक्याच्या मधोमध येऊन बसतात. टॅग केलेल्या पीडीएफमध्ये रचना नोंदलेली असते हे खरं, पण माझ्याकडे आलेल्या फायलींत तशी क्वचितच सापडली.

‘ती शेवटची शुद्ध प्रत असते.’ डोळ्यांना शुद्ध, पण आतून? गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकेच्या आठवणींचं पुस्तक आलं, फक्त पीडीएफ. पडद्यावर देखणं. त्यातली ‘वडिलांनी निर्णय घेतला’ ही ओळ उचलून मी नोटपॅडमध्ये चिकटवली. उतरलं ते असं: ‘विडलांनी िनणर्य घेतला’.

हे का होतं ते समजून घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या जगभरच्या सामायिक पद्धतीत, ‘नि’ म्हणजे आधी न, मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी आधी काढली जाते. ‘र्ण’ मध्ये उच्चाराप्रमाणे आधी र येतो, पण रफार चढतो तो ण च्या डोक्यावर, म्हणजे आकृत्यांच्या रांगेत नंतर. पीडीएफ बहुतेक वेळा ही आकृत्यांची रांग जपतं, उच्चाराचा क्रम नाही. म्हणून ‘धर्म’चा ‘धमर्’ होतो आणि ‘वडिलांनी’मधली पहिली वेलांटी ‘व’वर उडी मारते. सरसकट शोधून बदलताही येत नाही. त्या पुस्तकात काही शब्द बरोबर उतरले होते, काही नाही, आणि एकच नियम लावला की बरोबर असलेलेही बिघडत. अशा ई-पुस्तकात ‘निर्णय’ शोधला तर सापडत नाही, शब्दावर बोट ठेवलं तर शब्दकोशात अर्थ मिळत नाही. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तर जे साठवलंय तेच वाचतो. आपल्या भाषेतलं पुस्तक त्याच्या कानावर असं पडावं, याचं मला फार वाईट वाटतं.

‘वर्डची फाइल बेभरवशाची.’ यात अर्धं तथ्य आहे. फाइल श्री-लिपी किंवा तसल्या जुन्या फाँटात टाइप केलेली असेल, तर दिसायला मराठी आणि आत रोमन अक्षरं-चिन्हांची खिचडी असते. फाँट बदलून मंगल (हा युनिकोड फाँट) करा, लगेच कळेल. ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागते आणि मग बारकाईने वाचावी लागते. पण मजकूर युनिकोडमध्ये असेल आणि प्रकरणांच्या नावांना नुसतं ठळक न करता ‘हेडिंग १’ ही शैली दिलेली असेल, तर वर्डच्या डॉक्सएक्ससारखी दुसरी मूळ फाइल नाही. अनुक्रमणिका त्या शैलीवरूनच तयार होते. आधीचं नीट केलेलं ईपब असेल तर तेही तितकंच उत्तम. शेवटी ती वेब पानांची झिप फाइलच असते, हवं ते उघडून दुरुस्त करता येतं. साधी टेक्स्ट फाइल मात्र टाळा, तिरपा टाइप आणि शीर्षकं तिथे पुसली जातात.

‘कन्व्हर्टर बघून घेतो.’ कॅलिबर हे जगभर वापरलं जाणारं फुकट सॉफ्टवेअर. त्याच्याच माहितीपुस्तिकेत मूळ फायलींचा पसंतीक्रम दिलाय. त्यात ईपब आणि डॉक्सएक्स वरच्या बाजूला आहेत, पीडीएफ सगळ्यात शेवटी, टेक्स्टच्याही खाली. कन्व्हर्टर करणारेच असं सांगत असतील तर आपण कोणाच्या भरवशावर बसायचं?

एक आक्षेप मात्र रास्त आहे: प्रूफात केलेल्या दुरुस्त्या पीडीएफमध्येच असतात, वर्डमध्ये नाहीत. त्यावर उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. शिक्षिकाबाईंच्या भाच्याच्या जुन्या ईमेलमध्ये युनिकोडमधली वर्ड फाइल सापडली. बाई छापील पुस्तक हातात घेऊन मोठ्याने वाचत गेल्या, मी पडद्यावर फाइल पाहत दुरुस्त्या चढवत गेले. चार संध्याकाळी लागल्या. त्याआधी पीडीएफमधून उतरवलेला मजकूर निस्तरण्यात माझे तीन आठवडे गेले होते आणि मी जेमतेम चाळीस पानांवर होते.