साइडकारची बुलेट, बंद ट्रेलर आणि ते पाच ‘सोपे नियम’

पावसाळा ओसरायला लागला की सांगली-साताऱ्याकडच्या बुलेटवाल्यांच्या मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरतो. साइडकार लावलेली गाडी लांब न्यायची तर मोटारीमागे ओढायचा बंद ट्रेलर कसा निवडावा, याचे पाच ‘सोपे नियम’ त्यात असतात. गाडी साडेपाच फूट रुंद, म्हणून सहा फुटी डबा पुरे. ती तीन चाकांवर उभी राहते, बांधायची गरज नाही, गिअरमध्ये टाकली की झालं. दाराजवळच ठेवावी, उतरवायला सोपी जाते. डबा बंद, म्हणजे पावसाची काळजी मिटली. आणि शेवटी, साइडकार हाही कायद्याने ट्रेलरच. तिला वेगळी नोंदणी नाही, तर ट्रेलरला कशाला?

या यादीवर विसंबून मी स्वतः एक ट्रेलर करून घेतला होता. आमच्या आण्णांची बुलेट आणि तिच्या डाव्या अंगाला जोडलेली साइडकार, हे आमच्या घरातलं माणूसच. आण्णा चालवायचे, आई मागे बसायची, मी आणि धाकटी बहीण साइडकारमध्ये, असे आम्ही सांगलीहून औदुंबरला जायचो. अशा गाड्या आता फार थोड्या घरांत उरल्यात. त्यातली एकही या यादीपायी खराब होऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून एकेक नियम घेऊन लिहितोय.

आधी रुंदी. सहा फूट हे माप डब्याचं बाहेरून असतं. अमेरिकेत असे ट्रेलर तयार मिळतात, पाच बाय दहा, सहा बाय बारा अशा मापांनी ओळखले जातात; आपल्याकडे मिस्त्रीला तेच आकडे सांगून अँगल-पत्र्यात डबा करून घ्यायचा. पत्रा, आतला सांगाडा, प्लायवूड एवढं वजा केलं की आत उरतात ५ फूट ९-१० इंच. मागच्या दाराची चौकट आणखी आत येते, तिथे राहतात जेमतेम ५ फूट ६ इंच. आमची गाडी हँडलच्या उजव्या टोकापासून साइडकारच्या मडगार्डच्या कडेपर्यंत ५ फूट ५ इंच भरते. रशियन उरल तर ५ फूट ७ इंचांच्या आसपास, ती दारातच अडणार. तेव्हा ट्रेलरचं पहिलं माप घ्यायचं ते मागच्या दाराच्या मोकळ्या चौकटीचं. दुसरं, चाकं डब्याच्या आत घेतली असतील तर त्यांच्यावरच्या दोन खोक्यांमधल्या जागेचं.

आणि गाडी आत बसली म्हणजे काम झालं असंही नाही. पहिल्यांदा मी ती चालवतच आत घातली. फाळक्यावरून, म्हणजे मागचं दार खाली टाकलं की होतो त्या चढावरून, चढली, पुढच्या भिंतीपाशी थांबवली, आणि लक्षात आलं की उतरायला जागाच नाही. उजव्या गुडघ्याला पत्रा टेकलेला, डावीकडे साइडकार. इंजिन चालू, डब्यात धूर कोंडायला लागलेला. इंजिन बंद करून साइडकारच्या सीटवर पाय दिला आणि छताला डोकं घासत मागे रांगत आलो तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बंद डब्यात इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला गुंगी आणून मारतो. त्याला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही. म्हणून गाडी इंजिन बंद ठेवून, पुढे मजल्याला पक्क्या बसवलेल्या हँडविंचनं, म्हणजे हातानं फिरवायच्या रहाटानं, ओढून घ्यायची. गाडीच्या उजवीकडे माणूस आडवा सरकू शकेल एवढी, निदान सव्वा फूट, जागा हवी आणि पुढच्या अंगाला एक छोटं दार हवं. हे सगळं धरलं की सात फुटांच्या खाली येता येत नाही.

फाळक्याचंही तसंच. दुचाकीसाठी अरुंद फळी चालते. इथे बुलेटची दोन चाकं एका रेषेत आणि साइडकारचं चाक वेगळ्या रेषेत, तेही मागच्या चाकाच्या काही इंच पुढे. दोन सुट्या फळ्या टाकल्या तर चाकं वेगवेगळ्या वेळी चढतात, एक फळी दबते, एक सरकते, आणि सगळा पीळ साइडकारच्या जोडांवर येतो. पूर्ण रुंदीचा फाळकाच हवा, आणि लांब हवा. मजला २ फूट उंच आणि फाळका ५ फुटांचा असेल तर चढ जवळपास २४ अंशांचा होतो. वरच्या कडेवर गाडीचं पोट घासतं. मजला दीड फुटावर आणि फाळका ६ फुटांचा केला की तोच चढ साडेचौदा अंशांवर येतो. उतरवताना याची किंमत कळते, कारण बुलेटला रिव्हर्स गिअर नाही.

‘बांधायची गरज नाही’ हा नियम मला सगळ्यात बेजबाबदार वाटतो. गिअरमध्ये टाकल्यानं फक्त मागचं चाक अडतं. पुढचं चाक आणि साइडकारचं चाक मोकळंच राहतं. ओढणाऱ्या गाडीनं जोरात ब्रेक मारला की मागचं चाक जागेवर आणि साइडकारची बाजू पुढे, असं ते धूड फिरून उजव्या भिंतीकडे तोंड करतं. तीन चाकांवर उभी राहणं वेगळं आणि जागेवर राहणं वेगळं. चारही कोपऱ्यांतून रॅचेट पट्टे, म्हणजे खटक्यानं आवळत जाणारे पट्टे, लावायचे: बुलेटच्या फ्रेमला पुढून-मागून आणि साइडकारच्या चॅसीच्या पाइपला पुढून-मागून. साइडकारच्या पत्र्याच्या बॉडीला नको, नुसत्या हँडललाही नको. एकट्या दुचाकीला पुढचे शॉकॲब्सॉर्बर दाबून ताठ बांधतात, कारण ती आडवी होऊ शकते. इथे तेवढं आवळायची गरज नाही. मजल्यातल्या कड्या प्लायवूडला स्क्रूने बसवलेल्या नकोत; खालच्या लोखंडी आडव्यापर्यंत बोल्ट गेला पाहिजे. चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे. वीसेक किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे परत आवळायचे, कारण पहिल्या खड्ड्यांत ते सैल पडतातच.

आता तिसरा नियम, दाराजवळ ठेवण्याचा. तीन वर्षांपूर्वी याच नियमानं आम्ही पुण्याला निघालो होतो. दाजी चालवत होते, मागे तात्या, आमचे चुलते. खंबाटकीचा बोगदा संपला, उतार लागला, आणि आरशात आधी ट्रेलरची डावी कड दिसली, मग उजवी, मग पुन्हा डावी. प्रत्येक वेळी जास्त. पुढे अपघातांसाठी बदनाम असलेलं ते वळण दिसत होतं. दाजींनी ब्रेकला पाय लावला नाही, ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि वेग उतरला तसं शेपूट हळूहळू शांत झालं. ब्रेक दाबला असता तर हे लिहायला मी असतो की नाही, सांगता येत नाही.

शिरवळला गाडी बाजूला घेतली. तात्या उतरले, हूक सोडवला आणि ट्रेलरची दांडी एका हातानं उचलली. सामानासकट ९०० किलोंच्या ट्रेलरची दांडी, सत्तरीच्या माणसानं, एका हातानं. “गाडी उलाळ हाय की रं. ह्याला धुरजड कर.”

तात्यांनी उमेदीच्या काळात कारखान्याला बैलगाडीनं ऊस घातलाय. गाडीत मागे जास्त ऊस पडला की जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, ती गाडी उलाळ. पुढे भार असला की धुरजड. मोटारीमागच्या ट्रेलरलाही हेच लागू आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर असावा लागतो. तो कमी झाला की ट्रेलर ॲक्सलभोवती, म्हणजे बैलगाडीच्या भाषेत आखाभोवती, डोलायला लागतो, आणि उतारावर, वाऱ्यात, वेगात ते डोलणं वाढत जातं. बंद डब्याच्या सपाट बाजूंवर वारा आपटतो, त्यामुळे उघड्या ट्रॉलीपेक्षा इथे जास्त सांभाळावं लागतं.

आमचा हिशेब असा. रिकामा ट्रेलर ६०० किलो, गाडी २८५, थोडं सामान. हुकावर ९० ते १३५ किलो हवे. ॲक्सलपासून हुकापर्यंत ९ फूट. म्हणजे गाडी १ फूट मागे सरकवली की हुकावरचे जवळपास ३२ किलो जातात. दाराजवळ ठेवायच्या नादात आम्ही ती ३ फूट मागे ठेवली होती. ९५ किलो गेले. उतरवताना तीन फूट कमी ढकलावं लागावं, एवढ्यासाठी.

हे मोजणं अवघड नाही. कुठल्याही वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर सोडवून आधी पूर्ण वजन घ्या, मग दांडीखालचं छोटं चाक तेवढं काट्यावर राहील असा लावून दुसरं वजन घ्या. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. ओढणारी गाडी हुकावर किती भार घेते आणि किती ओढते हे तिच्या पुस्तकात असतं, तेही आधी बघा. आडवा तोलही असतोच: बुलेटची बाजू साइडकारपेक्षा कितीतरी जड, त्यामुळे ती उजव्या भिंतीला लावली की ट्रेलर उजवीकडे झुकतो. साइडकार डाव्या भिंतीजवळ घेतली की बुलेट मध्याकडे येते आणि उजवीकडे माणसाला जागाही मिळते.

पावसाबद्दल थोडक्यात. महाबळेश्वर-पाचगणीकडे पावसात गाडी घेऊन गेलेल्यांना ठाऊक आहे, ओल्या चाकांनी आत आलेलं पाणी बंद डब्यात वाफ होऊन रात्री छताच्या पत्र्याला थेंब धरतं आणि क्रोमवर टपकतं. वर झरोका हवा, आणि खालीही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती मजल्यालगत साचते. पेट्रोलचा कॉक बंद, बॅटरीची वायर काढलेली.

कायद्याचा नियम तर सरळ उलटा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची व्याख्या करतानाच साइडकार वगळली आहे, आणि मोटारसायकलच्या व्याख्येत ती सामावून घेतली आहे. म्हणून साइडकारला वेगळा नंबर नाही. ट्रेलरला मात्र स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर लागतो.

तो पहिला ट्रेलर मी मोडीत काढला. दुसरा सांगायच्या आधी अंगणात खडूनं ७ बाय १२ चा चौकोन आखला, दाराची चौकट आखली, आण्णांची गाडी डाव्या रेघेला लावून उभी केली. मिस्त्री टेप घेऊन वाकले होते. तात्या गाडीभोवती एक फेरी मारून आले, इंजिनापाशी खाली बसले, आणि इंजिनाच्या वीतभर मागे खडूनं आडवी रेघ ओढली.

“आख हितं.”