वावर विकून बोट घेणाऱ्यांनी आधी पिण्याच्या पाण्याचं बघावं

‘जमीन विका, शीड उभारा’ असा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. सोबत निळ्याशार पाण्यातल्या पांढऱ्या बोटीचा फोटो. सार एवढाच की कोरडवाहू वावर विकून तीस फुटी जुनी शिडाची बोट घ्यावी आणि उरलेलं आयुष्य समुद्रावर काढावं. तिथे घरभाडं नाही, वीजबिल नाही. वारा फुकट, म्हणून डिझेल नाही. मासे फुकट. कर, कायदा, व्हिसा काही नाही. अनुभवही लागत नाही, कारण १८९५ साली पोहता न येणारा एक माणूस एकट्याने जग फिरायला निघाला आणि सुखरूप परत आला. आणि प्यायच्या पाण्याची चिंता तर नकोच. समुद्राचं पाणी थोडं थोडं पीत गेलं की किडनीला सवय होते, हे म्हणे एका फ्रेंच डॉक्टरने १९५२ मध्येच सिद्ध केलंय.

असलं काही आलं की मी एरवी पुसून टाकते. हे पुसता आलं नाही, कारण पाठवणारा माझ्या बहिणीचा पोरगा होता आणि खाली त्याने लिहिलं होतं, “मावशी, आईले जरा समजाव ना. वावराले गिऱ्हाईक भेटलं हाय.” दर्यापूर तालुक्यातलं ते वावर. त्यावर बहिणीने दोन पोरं शिकवली.

पाण्यापासून सुरू करते, कारण ते माझं रोजचं काम आहे. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. गावोगावचे जलसुरक्षक बाटल्या आणून देतात, आम्ही क्षार, नायट्रेट, फ्लोराइड मोजून अहवाल देतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००. त्याप्रमाणे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर नाइलाजाने २००० पर्यंत चालतात. समुद्राच्या पाण्यात ते साधारण ३५,००० असतात. म्हणजे नाइलाजाच्या मर्यादेच्याही साडेसतरा पट. एवढा एक आकडा पुरे होता, पण पोट्टा ऐकत नाही म्हणून पुढचं लिहावं लागतंय.

बरं, हा मुंबई-पुण्यातला पोरगा असता तर समजू शकले असते. हा पूर्णाकाठचा! अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात जन्म गेला याचा. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, म्हणून त्याची आई डाळीसाठी नळाचं पाणी वेगळ्या गुंडात भरून ठेवते. चहाला चुकून बोअरचं पाणी घेतलं तर दूध टाकल्याबरोबर चहा फाटतो. माठाला बाहेरून पांढरी खपली धरते, ती नखाने काढत हा लहानाचा मोठा झाला. आणि हा मला शिकवतो की खारं पाणी सवयीने पचतं. आपल्या पट्ट्यातल्या किडनीच्या सगळ्या तक्रारींचं खापर एकट्या खाऱ्या पाण्यावर मी फोडणार नाही, त्याला इतर कारणंही असतात. पण जन्मभर हे पाणी पिऊन ‘आता सवय झाली, काही होत नाही’ म्हणणारा म्हातारा त्याने मला एका गावात दाखवावा. आणि बोअरचं पाणी समुद्राच्या मानाने कितीतरी गोडं, बरं का.

समुद्राच्या पाण्याइतकी खारट लघवी माणसाच्या किडनीला करताच येत नाही. लिटरभर समुद्राचं पाणी प्यायलं तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला लिटरहून जास्त पाणी लागतं. ते जास्तीचं पाणी शरीर स्वतःच्या साठ्यातून काढतं. म्हणजे पिणारा पितो आणि आणखी कोरडा पडतो. थोडं थोडं प्याला तर हळूहळू कोरडा पडेल, फरक तेवढाच. यात सवयीचा काही संबंधच नाही.

आता तो फ्रेंच डॉक्टर. माणूस खरा आहे, नाव आलँ बोंबार. १९ ऑक्टोबर १९५२ ला कॅनरी बेटांवरून रबरी होडीत बसून निघाला आणि ६५ दिवसांनी बार्बाडोसला लागला. मजकुरात गोष्ट इथे संपते. पुढचं कोणी टाकत नाही. त्याने पावसाचं पाणी धरून प्यायलं, मासे पिळून त्यांचा रस प्यायला, वाटेत एका जहाजावर त्याला जेवण मिळालं. एवढं असून उतरला तेव्हा वजन पंचवीस किलोने घटलेलं. त्याच दशकात हानेस लिंडेमान नावाच्या जर्मन डॉक्टरने दोनदा छोट्या होडीतून अटलांटिक ओलांडला. बोंबारचा सल्ला त्याने खोडून काढला आणि समुद्राचं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं. मजकूरवाल्यांना पहिला डॉक्टर सापडतो, दुसरा कसा सापडत नाही कोण जाणे.

बोटीवर राहणारे लोक मग पितात काय? टाकीतलं गोडं पाणी, ताडपत्रीवर धरलेलं पावसाचं पाणी, आणि ऐपत असेल त्यांच्याकडे आरओ यंत्र. हो, आपल्या गावात पाच रुपयांना जार भरून देतं त्याच जातीचं. फक्त समुद्राच्या पाण्याला दाब कितीतरी पट जास्त लागतो, त्याला वीज लागते आणि क्षार गाळणारा पडदाही वेगळा लागतो. गावातल्या यंत्राचा पडदा बसला की दुरुस्तीवाला येईपर्यंत आठ-आठ दिवस काय बोंब असते, ते या पोराने पाहिलेलं आहे. तिथे तर दुरुस्तीवालाही हाच.

खर्चाचं म्हणाल तर, मनात नसूनही एक मान्य करते. जुन्या लहान बोटी खरंच मिळतात, पुण्यातल्या फ्लॅटपेक्षा खूप कमी पैशात मिळतात, आणि असं राहणारी कुटुंबं जगात आहेत. काटकसरीने, आनंदाने राहतात. ते खोटं नाही. पण ‘खर्च नाही’ हे खोटं आहे. बोटीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपल्यासारखे चिकट जीव धरतात, म्हणून ती ठराविक काळाने पाण्याबाहेर काढून खरवडावी लागते आणि खास रंग द्यावा लागतो. शिडं उन्हाने विरतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा दहा-बारा वर्षांत बदलाव्या लागतात, नाहीतर काठी डोक्यात. बोटवाले स्वतःच अंदाज धरतात की बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरसाल देखभालीला जातात. वर बंदराचं भाडं आणि विमा. आणि डिझेल लागतंच, कारण वारा पडला किंवा बंदरात शिरायचं असलं की इंजिन सुरू करावं लागतं.

वारा फुकट आहे खरा, पण तो तुमच्या मर्जीचा नोकर नाही. समोरून वारा असेल तर शिडाची बोट सरळ जातच नाही, साधारण ४५ अंशांचा कोन धरून नागमोडी जावं लागतं. तीस फुटी बोट सरासरी पाच नॉट धरली तर ताशी नऊ किलोमीटर. मुंबईहून मस्कतला आठवडा. अकोल्याहून मुंबईला तोच पोरगा एका रात्रीत पोचतो आणि वर गाडी लेट झाली म्हणून मला फोन करतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पावसाळी वारा अरबी समुद्र असा काही ढवळतो की जन्मजात कोळीसुद्धा होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात.

मासे. भाऊजी माळकरी, पोराची धाव अंड्यापर्यंत. पुढे.

कर वाचतो म्हणे. अरे, शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाहीच, तर वाचवणार काय? व्हिसाचंही तसंच. खोल समुद्रात कोणी विचारत नाही हे अर्धं खरं, पण बोटीला कुठल्यातरी देशाची नोंदणी आणि झेंडा लागतो, आणि किनाऱ्याला लागलं की पासपोर्ट, व्हिसा, कस्टम सगळं आलं. न्यूझीलंडवाले तर बोटीचं बूड स्वच्छ आहे का तेही बघतात.

राहिला अनुभव. १८९५ चा तो माणूस जोशुआ स्लोकम. पोहता येत नव्हतं हे खरं. पण निघाला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, शिडाच्या जहाजांवर कप्तानकी करून मुरलेला, आणि बोट स्वतःच्या हाताने नव्याने बांधलेली. हा भाग मजकुरात गळाला. १९०९ मध्ये तोच माणूस त्याच बोटीतून निघाला आणि परत कोणाला दिसला नाही, हेही गळालं.

पोरगा म्हणतो, अभिलाष टॉमी गेले ना एकटे? गेले. त्यांच्याआधी दिलीप दोंदे गेले, २००९-१० मध्ये, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. दोघंही नौदलातले. दोंद्यांची तयारी २००६ पासून चालली होती, बोट गोव्यात दिवाडीला मुद्दाम बांधून घेतली. टॉमी नौदलाचे वैमानिक, २०१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केलेले. एवढा पाया असताना सप्टेंबर २०१८ मध्ये, एकट्याने जग फिरायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत असताना, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, पाठीचा कणा जायबंदी झाला, आणि फ्रेंच जहाज येईपर्यंत तीन दिवस ते बोटीतच पडून होते. शोधायला नौदलाचं विमान गेलं होतं. २०२३ मध्ये त्याच शर्यतीत ते दुसरे आले, त्या माणसाला माझा नमस्कारच. पण आमच्या पोराने अजून चिखलदऱ्याच्या तलावात पायडल बोटीपलीकडे काही चालवलेलं नाही.

मजकुरात नसलेली एक गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त टोचते. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, सातबारा दाखवावा लागतो. बोट नाही जमली तर विकून टाकू, असं पोरगा म्हणतो. बोट विकशील रे. पण ताईच्या नावावर तेवढा एकच तुकडा आहे. तो गेल्यावर उद्या वावर घ्यायला गेलास तर सातबारा कोणाचा दाखवशील? तलाठ्याला बोटीची नोंदणी दाखवशील?

शिडाची हौस असेल तर हौसेला माझी ना नाही. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या बोटींचे क्लब आहेत, शर्यती होतात. अकोल्याहून थेट गाडी आहे. आधी तिथे जाऊन शीक, मग कोणाच्या तरी बोटीवर खलाशी म्हणून एक हंगाम राहा, ओकाऱ्या काढ, रात्री दोनला उठून पहारा दे. तिकिटाचे आणि शिकायचे पैसे मी देते. गिऱ्हाइकाकडून इसार मात्र घ्यायचा नाही, आणि घेतला असशील तर उद्याच्या उद्या परत देऊन ये.