डिश म्हणजे जुना अँटेना नव्हे

नाशिकमधल्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर उन्हाळ्यापासून एक मेसेज फिरतोय : ‘फ्री डिश स्वतः बसवा, माणसाचे पैसे वाचवा.’ स्वतः बसवायला माझी हरकत नाही, मीही स्वतःच बसवली. पण त्याखालचे सल्ले वाचताना लहानपणीचा ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना आठवला. त्याचेच नियम कुणीतरी उचलून डिशला चिकटवलेत.

‘डिश जितकी उंच, तितकं चित्र स्वच्छ.’ अँटेनाच्या बाबतीत खरं होतं, कारण सिग्नल जमिनीवरच्या टॉवरवरून यायचा. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे. तुमच्या दहा फुटी पाईपची त्याला काय मातब्बरी! डिशला उंची नको, मोकळी वाट हवी. नाशिकहून हा उपग्रह क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर आहे. म्हणजे डिशपासून दहा फुटांवरचं आंब्याचं झाड डिशच्या वर पंधरा फूट जाईपर्यंत आड येत नाही. उलट उंच पाईप वाऱ्यात डुलतो, आणि डिश दोन-तीन अंश सरकली की चित्र गेलंच. जिन्याच्या खोलीची विटांची भिंत सगळ्यांत बरी. गच्चीच्या स्लॅबला भोकं पाडलीत, तर पहिल्याच पावसात खालच्या मजल्यावरचे वहिनी-भाऊजी वर येतील.

‘तोंड दक्षिणेला करा.’ ढोबळ सांगायचं तर दक्षिण आणि पूर्वेच्या बरोब्बर मध्ये, आग्नेयेला. उत्तरेपासून मोजलं तर १३४ अंशांच्या आसपास. पंचवटीतून बघाल तर साधारण नाशिकरोड स्टेशनच्या अंगाला. मोबाइलचं होकायंत्र पत्र्यापासून आणि टाकीच्या लोखंडी स्टँडपासून लांब धरा, नाहीतर ते भलतीकडे दाखवतं. आधी पाईप ओळंब्यात आहे ना बघा. तो कलता असेल तर पुढचं सगळं गणित चुकतं. डिश वाटते त्यापेक्षा उभी बसते, त्यानं गोंधळू नका : तिचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा पुढचा डबा, मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, म्हणून ती समोरच्या गच्चीकडे बघतेय असं वाटतं. आणि पडद्यावर ‘स्ट्रेंग्थ’ नव्हे, ‘क्वालिटी’ची पट्टी बघा. स्ट्रेंग्थ भलत्या दिशेलाही भरलेली दिसते. डिश बोटभर सरकवायची, चार-पाच सेकंद थांबायचं, खालून ‘आलं! गेलं! आलं!’ ऐकायचं. घाई केलीत की उपग्रह मागे राहतो.

‘पावसात चित्र गेलं तर डिश हलली समजा, वर जाऊन नीट करा.’ या एका वाक्यासाठी तरी मेसेज डिलीट करावा. मुसळधार पावसाचे थेंब या लहरी शोषून घेतात. सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं. ओल्या गच्चीवर, विजा चमकत असताना कुणी चढायचं कशासाठी?

‘लहान डिशला अर्थिंग लागत नाही.’ लागतं. डिशचा पाईप आणि केबलच्या आतली तारांची जाळी घराच्या अर्थिंगला वायरमनकडून जोडून घ्या. पाण्याच्या किंवा गॅसच्या पाइपाला गुंडाळणं म्हणजे अर्थिंग नव्हे. थेट वीज कोसळली तर तेही पुरं पडत नाही, म्हणून ढग दाटताच, गडगडाट सुरू व्हायच्या आधी, सेट-टॉप बॉक्सचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा.

‘रबरी चप्पल आणि कोरडा बांबू असला की तारेची भीती नाही.’ सिडको, सातपूरकडे किती गच्च्यांना लागून तारा गेल्यात ते तिथल्यांना ठाऊक आहे. त्यातली तार ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची असेल तर तिला स्पर्शही लागत नाही. लोखंडी पाईप नुसता जवळ गेला तरी तिच्यातली वीज उडी मारते. चप्पल तिथे काय करणार, आणि कोरडा दिसणारा बांबू आतून किती कोरडा आहे हे सांगणार कोण? मी एकच हिशोब धरतो : पाईप हातातून सुटून कुठल्याही बाजूला आडवा झाला, तरी तारेपासून भरपूर लांब राहायला हवा. नसेल तर जागा बदला.

मेसेज ग्रुपवर टाकणारे आमचे शेजारचे काका हे ऐकून आधी हसले. मग त्यांनी आपला बारा फुटी पाईप गच्चीवर आडवा ठेवला. टोक कठड्याबाहेर हातभर गेलं, आणि तिथून तार दिसत होती. काकांची डिश आता जिन्याच्या पलीकडच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला आहे. चित्र उत्तम येतं.