जोरात वाजवून वर्ल्ड्स जिंकता येत नाही
बॅगपाइप आणि ड्रम वाजवणाऱ्या पाइप बँडवरचा लेख आवडला, पण ग्लासगोच्या जागतिक पाइप बँड स्पर्धेत (‘वर्ल्ड्स’) ‘ज्याचा दणदणाट जास्त तो बाजी मारतो’ हे वाक्य खटकलं. बॅगपाइपमध्ये आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही हो! चँटरवर, म्हणजे बोटांनी धून वाजवायच्या नळीवर, मोजून नऊ स्वर. पिशवीवरचा दाब जरा हलला की स्वर ढळलाच. मध्ये श्वासापुरतंही थांबता येत नाही, म्हणून तोच स्वर लागोपाठ दोनदा हवा असेल तर मध्ये निमिषभराची ग्रेसनोट (कणस्वर) टाकावी लागते. सगळ्या वादकांच्या त्या ग्रेसनोट एकाच क्षणी पडल्या पाहिजेत. खरी कसोटी तिथे.

पुढच्या वेळी सुरुवात कान देऊन ऐका. ड्रमचे रोल होतात, तेवढ्यात पिशवीवर हात मारून तिन्ही ड्रोन (अखंड एकच सूर धरणाऱ्या नळ्या) एकदम लावायचे आणि सगळ्यांनी मिळून धून उचलायची. एखाद्याचा चँटर आधीच किंचाळला की झालं, परीक्षकाच्या कागदावर नोंद!

१९८७ मध्ये कॅनडाच्या आणि १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बँडने ग्रेड १ (सर्वात वरची श्रेणी) जिंकली, हेही यायला हवं होतं.

आणि पिब्रॉखचा, म्हणजे बॅगपाइपच्या अभिजात संगीताचा, उल्लेखच नाही? एकट्याने वाजवायचं, संथ. आधी मूळ धून, ‘उर्लर’, मग अलंकार वाढवत नेलेल्या फेऱ्या, शेवटी पुन्हा उर्लर. स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेस आणि ओबानच्या स्पर्धांतल्या सुवर्णपदकांसाठी हेच वाजतं. ख्याल ऐकणाऱ्यांना ते बँडपेक्षा लवकर भिडेल असं मला वाटतं. त्यावर एक स्वतंत्र लेख येऊ द्या.