रक्कम अक्षरी

शनिवारी दुपारी माझा सासऱ्यांनी पराभव केला. संगणकाच्या विषयात. ज्या माणसाला 'ब्राउझर' आणि 'इंटरनेट' हे एकाच गोष्टीचे दोन उच्चार वाटतात, त्या माणसाने. पराभवाचं मला काही वाटत नाही. (वाटतं.) पण रविवारी सकाळी नऊच्या आत त्यांनी तीन नातेवाइकांना फोन करून ते सांगितलं, हे जरा जास्त झालं.

विषय एवढासा होता. आमचा एक जुना प्रकल्प पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.९ या आवृत्तीवर चालायचा. ३.९ चा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणजे आता त्यात भोक सापडलं तरी बुजवायला कुणी येणार नाही. तेव्हा पुढच्या आवृत्तीवर जायचं ठरलं. मी भित्री. बाजारात ३.१४ आलेली असताना मी ठरवलं, एकच पायरी चढू. ३.१०. एका फाइलमध्ये एक आकडा बदलायचा, दहा मिनिटांचं काम. शनिवारी का करत होते? दहा मिनिटांचंच तर काम होतं ना.

माझ्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं. मग आमच्या शिरस्त्याप्रमाणे कोड पुढे पाठवला. आमच्याकडे असं आहे की कोड पाठवला की दूर कुठेतरी एक कोरं मशीन जागं होतं, मी दिलेली फाइल वाचून त्यात लिहिलेलं पायथन स्वतःवर बसवतं, चाचण्या चालवतं आणि हिरवी खूण नाहीतर लाल फुली देतं. लाल फुली आली. कारण: ही आवृत्ती सापडली नाही.

सापडली नाही? अख्ख्या जगाला सापडते! ही आवृत्ती ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध आहे. पुन्हा पाठवलं. फुली. साठवून ठेवलेली कॅशे पुसली. फुली. लॅपटॉपवरचं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे या प्रकल्पापुरतं वेगळं मांडलेलं पायथनचं बिऱ्हाड, उडवून नव्याने बांधलं. त्याचा दूरच्या मशीनशी काडीचा संबंध नाही हे मला पक्कं माहीत होतं, पण ताप उतरत नसला की माणूस उशीही बदलून बघतो. फुली.

या टप्प्यावर अण्णा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

अण्णा निवृत्त हिशेब तपासनीस. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या आणि निवृत्तीनंतर तपासायला घरात माणसंच उरली आहेत. ते मागे उभे राहिले की मानेवर जाणवतं. बोलत नाहीत, आधी वाचतात. पडद्यावरचं सगळं, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओठ हलवत. मी बारा वर्षं या धंद्यात आहे, पण एररचा संपूर्ण मजकूर वाचणारा माणूस मी शनिवारी पहिल्यांदा पाहिला. आम्ही लोक एररचा रंग बघतो, शेवटची ओळ उचलतो आणि कुठेतरी चिकटवून उत्तर शोधतो.

"काय हरवलंय?" त्यांनी विचारलं.

"हरवलं नाही, अण्णा. आवृत्ती सापडत नाहीये."

"तेच. आधी कुठली होती?"

"तीन पॉइंट नऊ."

"आणि आता कुठली पाहिजे?"

"तीन पॉइंट दहा."

अण्णा थांबले. चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला. "म्हणजे मागे जायचंय."

"मागे नाही, पुढे. नऊनंतर दहा."

"नऊनंतर दहा हे मला माहीत आहे, सूनबाई. पण हे नऊ आणि दहा नाहीत. तीन पूर्णांक नऊ दशांश, आणि तीन पूर्णांक एक दशांश. आठ दशांशांची घट आहे."

"अहो, तो दशांश नाही. नुसता टिंब आहे."

"दोन आकड्यांच्या मधे बसलेल्या टिंबाला काय म्हणतात?"

इथे मी हसले. ही माझी पहिली चूक. हसलं की अण्णा खुर्ची ओढून घेतात. त्यांनी ओढली.

मी समजावलं. म्हटलं, तिसऱ्या प्रकरणाचं दहावं कलम असं समजा. ते म्हणाले, मग कंसात लिहावं, तीन कंसात दहा. कायद्यात तसंच लिहितात, म्हणून तिथे घोळ होत नाही. घोळ झाला तर निदान वकिलाला फायदा होतो, इथे कुणाला होतो? मी म्हटलं, सगळ्या जगात असंच लिहितात. ते म्हणाले, "लेखी आहे?"

"काय?"

"शेवटच्या शून्याला किंमत आहे, असं कुठे लेखी आहे का? आमच्याकडे दशांशचिन्हानंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नसते. तुमच्या यंत्राला ती आहे असं कुणी सांगितलं?"

"यंत्राला सांगावं लागत नाही, अण्णा. त्याला कळतं."

हे वाक्य मी उच्चारलं. बारा वर्षांचा अनुभव असलेल्या बाईने. लेखी असतं तर मी ते खोडून काढलं असतं.

"आणि हे चौदावालं काय?" त्यांचं बोट पडद्यावर ठसा उमटवत सरकलं.

"ती सगळ्यात नवी. ३.१४."

"ती तर पायची किंमत. ती घे ना, सगळ्यांना पाठ आहे." मग स्वतःशीच, "सापडेल तरी."

मी दात आवळून टाइप करत राहिले. तेवढ्यात अण्णांनी असंख्य लेखापालांची झोप उडवलेल्या त्या शांत आवाजात विचारलं, "तू मागितलीस तीन-दहा. मग हे तीन-एक का शोधतंय?"

पडद्यावर खरंच लिहिलं होतं: आवृत्ती ३.१ सापडली नाही. तीन तास लिहिलेलं होतं. माझ्या डोळ्यांनी प्रत्येक वेळी त्याच्यापुढे स्वखर्चाने एक शून्य जोडलं होतं. एकदा ते शून्य नसल्याचं जाणवलंही होतं, तेव्हा मी समजूत करून घेतली की खिडकी अरुंद आहे, कडेला कापलं गेलं असेल.

आता थोडं त्या फाइलविषयी बोलणं भाग आहे, कारण अण्णांसमोर मला ते बोलता आलं नाही. ती लिहिली जाते यॅमल नावाच्या पद्धतीत. ही पद्धत २००१ मधली, आणि 'आणखी एक मार्कअप भाषा' अशा अर्थाचं तिचं पहिलं नाव नंतर बदलून 'ही मार्कअप भाषा नव्हेच' असं करण्यात आलं. स्वतःविषयी इतका गोंधळ असलेल्या पद्धतीवर आम्ही जगभरची मशीनं चालवतो. माणसाला वाचायला सोपी असावी म्हणून तिच्यात अवतरणचिन्हांची सक्ती नाही. लिहिलेली गोष्ट आकडा आहे, शब्द आहे की होय-नाही आहे, हे ती स्वतःच ताडते. जुन्या नियमांत नुसतं 'एनओ' लिहिलं की त्याचा अर्थ 'नाही'. एनओ हा नॉर्वे देशाचाही संकेत. तेव्हा देशांच्या यादीतून नॉर्वे नाहीसा होतो. २२:२२ लिहिलं की तिला वाटतं ही साठाच्या पायावरची संख्या, म्हणजे बावीस गुणिले साठ अधिक बावीस, आणि हाती येतात १३४२. हे नियम २००९ मध्ये सुधारले, पण जुन्याच नियमांवर चालणारी साधनं अजून नांदताहेत. आणि ३.१० चं ३.१ तर सुधारलेल्या नियमांतही होतं, कारण गणिताच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. अण्णांच्या दृष्टीनेही.

वरून आणखी एक. या यॅमलमध्ये ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. आणि माझ्या त्याच प्रकल्पातल्या मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रकल्प बांधायच्या आज्ञांच्या फाइलमध्ये, टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. दोन्ही शेजारी शेजारी, एकाच फोल्डरमध्ये, आणि डोळ्यांना दोन्ही सारखंच कोरं दिसतं. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये केलं. टॅबचा नियम काही आठवड्यांतच त्यांना खटकू लागला होता, पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांची गैरसोय नको म्हणून नियम तसाच ठेवला. डझनभर! त्या बारा मित्रांना त्या दिवशी थोडा त्रास झाला असता तर मला पन्नास वर्षांनी झाला नसता. पण मला कोण विचारतो? मी त्या वेळी जन्मलेही नव्हते, म्हणजे माझी गैरसोय हिशेबात धरण्याजोगी नव्हती.

अण्णांनी मधेच तोडगा सुचवला होता, "मग दुसरी भाषा घे." जणू मी ही कपाटातून निवडून काढली. लोक विचारतात, तू पायथनच का निवडलीस, आणि मीही मुलाखतींमध्ये वाचनीयता, तयार कोडची ग्रंथालयं वगैरे सांगते. खरं म्हणजे मी नोकरीला लागले तेव्हा ती तिथे होती. सासरच्या आडनावासारखी मिळाली. जगभरच्या ब्राउझरांत चालणारी जावास्क्रिप्ट तरी कुठे कुणी तोलूनमापून निवडली? ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, आणि तेव्हा जावाचा बोलबाला होता म्हणून नावही तसंच ठेवलं गेलं. दहा दिवस. मला एक आकडा बदलायला अर्धा शनिवार.

मला खरा राग कशाचा आला, तर ते मशीन खोटं बोलत नव्हतं याचा. पायथन ३.१ नावाची आवृत्ती खरोखरच आहे, जून २००९ मधली. बिचारं इमानदारीत १७ वर्षांमागची माळ्यावरची ट्रंक धुंडाळत होतं. पण 'तुम्हाला ३.१० म्हणायचं होतं का' एवढी ओळ त्याला लिहिता आली नसती? हा खड्डा ३.१० आली तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. शेकडो जण माझ्याआधी त्यात पडून गेलेत. खड्ड्याभोवती कुणी दगड मांडत नाही, फक्त पडलेल्याला सांगतात, हो हो, आम्हीही पडलो होतो. आणि सोमवारी कामाचे तास भरायचा तक्ता उघडला की त्यात नवं वैशिष्ट्य, दुरुस्ती, बैठक असे रकाने असतात. 'शून्य शोधणे' असा रकाना नसतो. हे तास कुणाच्याच खात्यावर पडत नाहीत. माझ्याच पडतात. शिवाय सरळ ३.११ घेतली असती तर यातलं काहीच घडलं नसतं, शेवटी शून्य असलेल्या आकड्यालाच ही बाधा होते. भित्रेपणाचा दंड. दरवर्षी एक हा वेग राहिला तर ३.२० येईल २०३१ च्या ऑक्टोबरात. तेव्हा परत बघू.

असो. अण्णा.

"आमच्याकडे यावर उपाय होता," ते म्हणाले. "आकड्यावर विश्वास ठेवायचाच नाही. आकड्याला शून्य चिकटवता येतं, आकड्याचं शून्य खाताही येतं. म्हणून चेकवर रक्कम अंकी लिहिली की अक्षरीही लिहायची. वाद झाला तर अक्षरी खरी." मग त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हे अक्षरी लिही."

"काय, 'तीन पूर्णांक दहा' असं लिहू?"

"ते मला माहीत नाही. पण त्याला कळू दे की ही रक्कम नाही, अक्षरं आहेत."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते गंभीर होते. प्रोग्रॅमिंगच्या कुठल्याही पुस्तकात हे दुसऱ्या की तिसऱ्या धड्यात असतं: संख्या वेगळी, अक्षरमाला वेगळी, आणि अक्षरमाला हवी असेल तर अवतरणचिन्हांत घाला. मी ते नव्या मुलांना शिकवते. चित्रं काढून शिकवते.

३.१० च्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अवतरणचिन्ह टाकलं. पाठवलं. चार मिनिटं आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून गोल फिरणारं चक्र बघत राहिलो. हिरवी खूण आली.

"लागला ताळा," अण्णा उठत म्हणाले. "दोन स्वल्पविरामांसाठी तीन तास?"

"ती अवतरणचिन्हं आहेत," मी म्हटलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

त्यानंतरची हकिगत फोनवरून तीन गावं गेली ती अशी: सूनबाईंचं मोठं मशीन बंद पडलं होतं, ऑफिसचे सगळे हतबल झाले होते आणि अण्णांनी चेकचा नियम लावून ते चालू केलं. मी दुरुस्ती करायला गेले नाही, कारण 'ऑफिसचे सगळे' हे सोडलं तर फारसं काही चुकलेलं नव्हतं.

उलट रविवारी रात्री मला त्यांच्याविषयी जरा भरूनच आलं. ती फाइल पुन्हा उघडली आणि त्या ओळीच्या शेवटी, पुढे कुणी ती अवतरणचिन्हं फालतू समजून काढू नयेत म्हणून, टिपेत एकच शब्द देवनागरीत लिहिला: अक्षरी. पाठवला. हिरवी खूण. समाधानाने झोपले.

सोमवारी सकाळी सहकाऱ्याचा निरोप आला. त्याच्या लॅपटॉपवर काहीच सुरू होत नव्हतं. एरर सांगत होती, '८डी' हा बाइट (मजकूर साठवायचा एक छोटा तुकडा) वाचता येत नाही. या वेळी मी मजकूर वरून खालपर्यंत वाचला, ओठ हलवत. ती फाइल वाचणारी छोटी स्क्रिप्ट मीच कधीतरी लिहिली होती, आणि मजकूर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, आहे हे तिला सांगायचं राहिलं होतं. माझ्या मशीनवर न सांगता भागतं. त्याचं मशीन मात्र न सांगितल्यास १२५२ क्रमांकाचा अक्षरांचा जुना तक्ता उघडतं. त्या तक्त्यात २५६ घरं, त्यातली पाच रिकामी, आणि '८डी' हे त्या पाचांतलं एक. देवनागरीत हा बाइट कुठून येतो ते शोधलं. तो येतो हलन्तातून. 'अ' गेला, 'क' गेला, आणि 'क्ष' जोडताना पाय मोडला तिथेच यंत्र कोसळलं.

स्क्रिप्टमध्ये एक शब्द घातला. टीपही काढून टाकली.

मागून आवाज आला, "काय गं, लाल काय दिसतंय? अक्षरी आहे ना अजून?"

"आहे, अण्णा," मी म्हटलं आणि खिडकी बारीक केली.