बरोबर उत्तराला शून्य मार्क

डोकं फिरलंय नुसतं. काल रात्री कॉलेजच्या प्लेसमेंट सेलची मॉक, म्हणजे नोकरीच्या परीक्षेची सराव टेस्ट झाली, कोडिंगचे दोन्ही प्रॉब्लेम सगळ्या टेस्ट केसेस पास, क्वांटमध्ये, म्हणजे गणितात, 20 पैकी 17, आणि खाली लाल अक्षरात 'नॉट क्लिअर्ड'. का, तर व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजीत, 20 पैकी 11. सेक्शनल कटऑफ, म्हणजे त्या भागात पास व्हायला लागणारे मार्क, 12. एका मार्काने गेलो.

चुकलं असतं तर गप्प बसलो असतो. चुकलेल्या नऊपैकी आठ माझेच, मान्य. पण हा नववा बघा. 'नन ऑफ द स्टुडंट्स / हॅव सबमिटेड / द असाइनमेंट / नो एरर', यातली चूक कुठल्या भागात ते शोधा. मी नो एरर टिक केलं. आन्सर की म्हणते चूक दुसऱ्या भागात, हॅव नाही हॅज पाहिजे, कारण नन म्हणजे 'नॉट वन' आणि वन एकवचनी. रात्री साडेबाराला डिक्शनऱ्या उघडून बसलो. ऑक्सफर्ड बघितली, मेरियम-वेब्स्टर बघितली, दोन्हीकडे तेच, एकवचनी क्रियापदही चालतं आणि अनेकवचनीही चालतं, इंग्रज लोक शेकडो वर्षं दोन्ही लिहीत आलेत. ज्यांची भाषा आहे त्यांना चालतं, आमच्या मॉकवाल्याला चालत नाही!

सकाळी स्क्रीनशॉट घेऊन टीपीओ सरांकडे, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरकडे गेलो. सर फोनवर होते, 15 मिनिटं दारात उभा राहिलो. मग आत बोलावलं, मी मोबाइल पुढे केला, तर त्याकडे बघितलंसुद्धा नाही. "अरे आन्सर की व्हेंडरची असते, आपल्या हातात काय आहे? आणि एका प्रश्नावरून काय वाद घालतोस, अजून एक बरोबर आणायचा ना."

अजून एक बरोबर आणायचा ना. तो एकच बरोबर होता सर, त्याच्यासाठीच तर आलो होतो! दिवसभर हेच वाक्य कानात घुमतंय, लेक्चरला नीट बसवलं नाही, मेसमध्ये ताट तसंच ठेवून उठलो. आणि टेस्ट पुरवणारा हा व्हेंडर कोण, तर ज्याच्या नावाने गेली दोन वर्षं फीच्या पावतीवर 'ट्रेनिंग चार्जेस' लावताय तोच ना? पैसे आमचे, चूक त्याची, आणि नापास आम्ही. दोन डिक्शनऱ्यांची पानं वाचायला दोन मिनिटं लागली असती.

आणि हा एकच प्रश्न नाही हो. 'द कमिटी इज' की 'द कमिटी आर'? अमेरिकन लोक इज म्हणतात, ब्रिटिश दोन्ही वापरतात, आमच्याकडच्या एका पीडीएफमध्ये इज बरोबर, दुसरीत आर बरोबर, आणि दोन्ही पीडीएफ त्याच ग्रुपवर त्याच माणसाने टाकलेल्या. सॉफ्ट स्किल्सवाल्या मॅडम भर वर्गात म्हणाल्या की 'प्रीपोन' असा शब्दच नाही, आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. ऑक्सफर्डमध्ये आहे तो शब्द! अख्ख्या देशातली ऑफिसं मीटिंग प्रीपोन करतायत आणि आम्ही तो खोडतोय.

माझा रूममेट कॉन्व्हेंटचा. चांगला पोरगा आहे, त्याच्यावर राग नाही. त्याला काल 19 पडले. त्याला विचारलं, अरे इथे 'इन्सिस्ट'च्या पुढे ऑनच का? म्हणाला, "माहीत नाही रे, ऐकायला तसंच बरोबर वाटतं." बरोबरच आहे त्याचं. मी तरी 'मी भाकरी खाल्ली' आणि 'मी आंबा खाल्ला' हे कुठला नियम पाठ करून बोलतो? खाणारा मीच, पण क्रियापद भाकरीच्या मागे जातं, आंब्याच्या मागे जातं, आणि माझी आजी, जी शाळेची पायरी चढली नाही, ती यात आयुष्यात कधी चुकली नाही. कानाने येतं ते. माझ्या कानावर घरात इंग्रजी पडलंच नाही तर मी ते कुठून आणू? आमचा एक 'वर' सगळीकडे चालतो, झाडावर आंबा, झाडावर पोपट. इंग्रजीत आंबा ऑन द ट्री आणि पोपट इन द ट्री. हे मी गेल्या महिन्यात शिकलो, रात्री एक वाजता, हॉस्टेलच्या जिन्यात बसून, कारण रूममधली लाइट बंद करायची होती.

पहिलीपासून इंग्रजी होतं ना, असं कोणीतरी म्हणेलच. होतं. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या झेडपी शाळेत बाई धडा वाचायच्या आणि अर्थ मराठीत सांगायच्या. बारावीला 'डू अ‍ॅज डिरेक्टेड' असायचं, रिमूव्ह टू, यूज नो सूनर दॅन. 'टू वीक टू वॉक'चं 'सो वीक दॅट' कसं करायचं ते झोपेतून उठवून विचारा, सांगतो. पण दोन वाक्यं समोरच्याशी धड बोलायला कोणी लावली नाहीत. मार्क मात्र पडले, 100 पैकी 78. 2021 मध्ये एआयसीटीईने, म्हणजे देशातल्या तंत्रशिक्षणाच्या परिषदेने, मराठीसकट आठ भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली तेव्हा पेपरात केवढ्या बातम्या. चांगलंच आहे, शिकवा. पण चार वर्षं मराठीतून शिकलेल्या पोराला शेवटी याच 20 प्रश्नांच्या दारातून आत जायचंय, त्याचं काय करणार ते पण सांगा की.

इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. क्लायंटला मेल लिहायचा असतो, कळतं मला. मग मेल लिहून घ्या ना! एक पानभर द्या, माझ्याच कोडवर चार ओळी लिहायला लावा, चुका काढा, कापा मार्क. वाचणाऱ्याला कळलं की नाही ते बघा. 20 मिनिटांत 20 वाक्यं आणि त्यातली चूक भाषेत नाही, कीमध्ये. आणि तेवढ्यावरून माझा चालणारा प्रोग्रॅम कोणी उघडूनही बघत नाही.

शनिवारी परत मॉक आहे. प्रश्न त्याच क्वेश्चन बँकेतले असतात, सिनियर सांगतात की तेच तेच फिरून येतात. हा आला तर मी हॅजला टिक करणार, मुकाट्याने, चुकीचं नाही हे माहीत असलेल्या हॅवला चूक म्हणणार. आणि सगळ्यात जास्त राग त्याचाच येतोय.