१२ ऑक्टोबरची मुंबई आणि ‘एका बटणा’ची गोष्ट

‘१२ ऑक्टोबर २०२० ला चीनने एक बटण दाबून मुंबई बंद पाडली. युक्रेनमध्ये हेच झालं, इराणमध्ये हेच झालं, अमेरिकेच्या गुप्तहेर बाईने तर कॅमेऱ्यासमोर कबूल केलं. पुढच्या युद्धात पहिला नंबर मुंबईचा. चिनी मोबाईल फेका आणि हे दहा जणांना पाठवा.’

हा मजकूर आणि त्याखाली दोन-तीन माहितीपटांचे तुकडे जोडून केलेला व्हिडिओ गेली काही वर्षं मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. सीमेवर जरा खुट्ट झालं की पुन्हा वर येतो. आमच्याकडे तो दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला, वर ‘जागे व्हा’ असं लिहून. काकांशी वाद घालायची हौस नाही, जिन्यात रोज भेट होते. पण माझी सगळी नोकरी सबस्टेशनांमधले रिले (बिघाड ओळखून वाहिनी आपोआप तोडणारी उपकरणं) तपासण्यात गेली, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. एकेक दावा घेतो.

‘चीनने मुंबईची वीज घालवली’

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. दोन हजार मेगावॅटच्या वर लोड पडला. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, ऐन कोविडच्या काळात रुग्णालयं जनरेटरवर गेली, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. अत्यावश्यक सेवांना दोनेक तासांत वीज मिळाली, पण काही भागांत रात्र झाली.

तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी कारण सांगितलं होतं: महापारेषण या राज्याच्या वीजवहन कंपनीच्या ४०० केव्ही कळवा-पडघा केंद्रात सर्किट एकचं देखभालीचं काम चालू होतं, भार सर्किट दोनवर घेतला होता आणि तिथे बिघाड झाला. (पुढे घातपाताची शंकाही त्यांनीच बोलून दाखवली, ते सोडा.)

आता ग्रिड कसं कोसळतं ते बघा. मुंबईला बाहेरून येणारी वीज मोजक्याच मोठ्या वाहिन्यांवरून येते. त्यातली एक बंद पडली की तिच्यावरचा भार त्याच क्षणी उरलेल्यांवर जातो, जशी रद्द झालेल्या ८:१२ ची गर्दी ८:१६ मध्ये घुसते. फरक एवढाच की वाहिनी ‘आत सरका’ म्हणत नाही. मर्यादा ओलांडली की रिले तिला सोडवतो, तिचा भार पुढच्या वाहिनीवर जातो आणि तीही ट्रिप होते. अशा वेळी मुंबईने ग्रिडपासून वेगळं व्हायचं, काही फीडर (एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या) आपोआप सोडायचे आणि ट्रॉम्बे, डहाणूच्या स्थानिक विजेवर रेल्वे, रुग्णालयं चालू ठेवायची, अशी व्यवस्था आहे. तिला आमच्यात आयलँडिंग म्हणतात. ती चालायची तर शहरात होणारी वीज आणि शहरात उरलेला लोड यांचा मेळ क्षणात बसावा लागतो. त्या दिवशी तो बसला नाही. शहरातली निर्मिती अपुरी पडली आणि सगळंच गेलं.

मग चीन आला कुठून? २८ फेब्रुवारी २०२१ ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी सायबरसुरक्षा कंपनीच्या अहवालावरून बातमी दिली. गलवाननंतर चीनशी संबंधित एका गटाने भारतीय वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांना आणि दोन बंदरांना लक्ष्य केलं, असा तो अहवाल. गटाला त्यांनी ‘रेडएको’ नाव दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितलं की वीजयंत्रणेत १४ ट्रोजन (साळसूद दिसणारे घातक प्रोग्राम) घातले गेले असावेत आणि ८ जीबी डेटा बाहेरून आला असावा. त्याच्या पुढच्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, वीज गेली ती मानवी चुकीमुळे. ग्रुपवर फिरणाऱ्या मजकुरात यातलं फक्त मधलं वाक्य उरलं. आणि खुद्द रेकॉर्डेड फ्युचरने लिहून ठेवलंय की ही घुसखोरी आणि मुंबईतला अंधार यांचा संबंध सिद्ध झालेला नाही.

सरकार म्हणतंय म्हणून विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. कुडनकुलमच्या अणुवीज केंद्रात मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडल्याची बातमी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आली तेव्हा आधी साफ इन्कार झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ३० तारखेला, अणुऊर्जा महामंडळाने ते मान्य केलं. नकार देणं हा सरकारी यंत्रणांचा पहिला प्रतिक्षेप असतो. माझं म्हणणं वेगळं आहे. देखभालीसाठी घेतलेला शटडाऊन, एका सर्किटवर आलेला भार, ट्रिप होत गेलेल्या वाहिन्या, न टिकलेलं आयलँडिंग: एवढ्यातच सगळा अंधार हिशेबाला लागतो. मालवेअरने करायचं असं काही शिल्लकच राहत नाही. घुसखोरी खरी असू शकते, ती गंभीरही आहे. पण चोर घराजवळ फिरताना दिसला म्हणून भिंत त्याने पाडली असं होत नाही.

शिवाय उपाय काय झाला तेही बघा. खारघर ते विक्रोळी ४०० केव्हीची वाहिनी वर्षानुवर्षं रखडली होती, ती २०२३ मध्ये सुरू झाली आणि आणखी हजार मेगावॅट शहरात आणायची सोय झाली. मुंबईला जे कमी होतं ते तारांच्या रूपाने आलं. चीनचं नाव घेतलं की मात्र वाहिनी इतकी वर्षं का रखडली, हे कुणी विचारत नाही, आणि हा मजकूर काही मंडळींना फार सोयीचा पडतो.

‘एक बटण दाबलं आणि युक्रेन अंधारात’

हे उदाहरण खरं आहे, बटण खोटं आहे. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमधल्या तीन वीजवितरण कंपन्यांवर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज काही तास गेली. पण त्याची सुरुवात कित्येक महिने आधीची. कर्मचाऱ्यांना ईमेलमधून ऑफिसच्या साध्या फाइली आल्या, कुणीतरी मॅक्रो (फाइलीत दडलेला छोटा प्रोग्राम) चालू करायला ‘हो’ म्हटलं आणि ब्लॅकएनर्जी नावाचं मालवेअर आत गेलं. मग हल्लेखोर महिनोन्‌महिने नेटवर्कमध्ये हिंडत राहिले, पासवर्ड गोळा केले, कुठला ब्रेकर (वाहिनी चालू-बंद करणारा मोठा स्विच) कुठल्या स्क्रीनवर आहे ते शिकले. प्रत्यक्ष दिवशी एका कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला दिसलं की माउसला हात न लावता स्क्रीनवरचा बाण आपला आपण सरकतोय आणि एकेक ब्रेकर उघडतोय. त्याच वेळी ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कॉल सेंटरवर खोट्या कॉलचा मारा, कंट्रोल रूमच्या यूपीएसचा घात आणि शेवटी सबस्टेशनमधल्या उपकरणांचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) पुसून टाकणं. म्हणजे कुणी दुरून ब्रेकर परत लावूही नये.

आणि वीज परत कशी आली? गाड्या काढून माणसं सबस्टेशनांत गेली आणि हाताने ब्रेकर लावले. एक ते सहा तासांत काम झालं. हा भाग माहितीपटांत जेमतेम येतो. बर्फात गाडी घेऊन निघालेल्या लाइनमनपेक्षा अंधारलेलं शहर कॅमेऱ्याला जास्त आवडतं. वर्षभराने, १७ डिसेंबर २०१६ ला, कीव्हजवळच्या एका सबस्टेशनवर पुन्हा हल्ला झाला. तेव्हा सॉफ्टवेअर जास्त तरबेज होतं, वीज गेली सुमारे तासभर.

‘गुप्तहेर बाईने कॅमेऱ्यासमोर कबूल केलं’

व्हिडिओतला तो तुकडा ॲलेक्स गिब्नी यांच्या २०१६ च्या ‘झीरो डेज’ या माहितीपटातला आहे. विषय इराणच्या नतांझ अणुकेंद्रावरचा, स्टक्सनेट नावाच्या मालवेअरचा हल्ला. आकड्यांच्या जाळ्यातून घडवलेला एक स्त्रीचा चेहरा अमेरिकी गुप्तचर खात्यातल्या गोष्टी सांगतो. ती बाई गुप्तहेर नाही, जोआन टकर नावाची अभिनेत्री आहे. अनेक निनावी सूत्रांनी सांगितलेलं एकत्र करून तिच्या तोंडी घातलंय, आणि हे चित्रपटातच, शेवटी, तिचा खरा चेहरा दाखवून सांगितलंय. दिग्दर्शकाने फसवलेलं नाही. ज्याने मधले चाळीस सेकंद कापून ग्रुपवर टाकले त्याने फसवलं. चित्रपट स्वतः बघण्यासारखा आहे, तो जरूर बघावा, फक्त शेवटपर्यंत.

स्टक्सनेटची खरी गंमत मला रिलेवाला म्हणून वेगळ्याच गोष्टीत वाटते. त्याने सेंट्रिफ्यूजचा (युरेनियम समृद्ध करणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्रांचा) वेग बिघडवला, पण त्याआधी सगळं ठीक चालल्याचे आकडे टिपून ठेवले आणि बिघाड चालू असताना तेच आकडे ऑपरेटरला पुन्हा पुन्हा दाखवले. मीटरवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? यंत्रणेत काम करणाऱ्याला भीती वाटते ती या गोष्टीची. स्फोट नाही, काळोख नाही, आणि महिनोन्‌महिने इंजिनिअर आपल्याच मशीनला दोष देत बसलेले.

‘हा बघा नकाशा, दर सेकंदाला हल्ले’

जगाच्या नकाशावर लाल कमानी उडताना दिसतात, ते बहुतेक सुरक्षा कंपन्यांचे जाहिरातवजा पडदे. एखाद्या प्रोग्रामने आपोआप दार ढकलून पाहिलं तरी तिथे हल्ला मोजला जातो. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षानंतर महाराष्ट्र सायबरने सांगितलं होतं की सुमारे १५ लाख हल्ले झाले, त्यातले यशस्वी झाले १५०. ग्रुपवर पंधरा लाख फिरले. त्याच दिवसांत ‘सायबर हल्ल्याने भारताची ७० टक्के वीज बंद’ हेही फिरलं आणि पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती संस्थेला ते खोटं असल्याचं सांगावं लागलं. ज्या घरात पंखा चालू होता त्या घरातूनही ते फॉरवर्ड झालं!

‘इंटरनेटला जोडलं नाही की धोका नाही’

नतांझ इंटरनेटला जोडलेलं नव्हतं. पेन ड्राइव्ह पुरला.

‘पहिला नंबर मुंबईचा’

नंबर येऊन गेला, आणि ग्रुपवर कुणाला पत्ताही लागला नाही. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा मालवेअर पसरला. ते सॉफ्टवेअर तिथल्या कर भरणाऱ्या बहुतेक कंपन्या वापरायच्या. खंडणी मागतोय असं तो दाखवायचा, पण पैसे भरूनही फाइली परत मिळायची सोय नव्हती. तो नासधुशीसाठीच होता. अमेरिका, ब्रिटनने त्याचं खापर रशियन लष्करावर फोडलं. त्याच्या तडाख्यात डेन्मार्कची मेर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि तिच्यामार्फत आपलं न्हावा शेवा बंदर (तेव्हाचं जेएनपीटी), कारण तिथलं एक टर्मिनल तिच्या समूहातली कंपनी चालवते.

टर्मिनलवर कॉम्प्युटर गेला म्हणजे काय जातं? कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, कितव्या थरावर, तो कुठल्या बोटीवर चढायचा, कुठल्या ट्रेलरवर उतरायचा, ही सगळी माहिती एका यंत्रणेत असते. ती गेली की क्रेन धडधाकट, ऑपरेटर हजर, माल समोर, आणि तरी हात लावता येत नाही, कारण हजारो सारख्या पेट्यांतली कुठली कोणाची ते कळत नाही. गेटवर पास निघत नाही, म्हणून ट्रेलर बाहेर उभे. बंदर प्रशासनाला त्यांच्या पार्किंगची आणि वाहतुकीची सोय करत फिरावं लागलं. मेर्स्कला एकूण २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला. चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करायला दहाएक दिवस लागले. त्या कामाला आधार मिळाला घानामधल्या एका सर्व्हरचा. तिथे वीज गेली होती म्हणून तो बंद होता, आणि बंद होता म्हणून वाचला.

मुंबईवर कुणी नेम धरला नव्हता. नेम कीव्हवर होता. सीमा न ओळखणारं हत्यार सोडलं की ते उरणच्या रस्त्यावरच्या ट्रेलरवाल्यालाही लागतं, आणि अशा प्रसंगावर माहितीपट काढायचा म्हटलं तर पडद्यावर दिसणार काय, ट्रकांची रांग?

‘चिनी मोबाईल फेका’

फेका, हौस असेल तर. पण युक्रेनचं ब्लॅकएनर्जी ऑफिसच्या फाइलीतून आलं, नॉटपेट्या युक्रेनच्याच सॉफ्टवेअरमधून आणि स्टक्सनेट जर्मन कंट्रोलरवर चाललं. यात कुणाचाही मोबाईल नव्हता. रेडएकोच्या इशाऱ्यानंतर आपल्या लोड डिस्पॅच सेंटरांत (ग्रिडवरच्या विजेचा मेळ राखणाऱ्या नियंत्रण केंद्रांत) काय केलं, ते ऊर्जा मंत्रालयाने जाहीर केलं होतं: यादीतले आयपी पत्ते आणि डोमेन फायरवॉलवर बंद केले, कंट्रोल सेंटरमधल्या मशीन अँटिव्हायरसने तपासून साफ केल्या. काकांनी विचारलं, ‘एवढंच?’ म्हटलं, एवढंच, पण ते दर आठवड्याला करावं लागतं.